शॉर्ट-बेड पिकअप आणि फिफ्थ व्हील: वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनला लागतो, तर हिच कोणती घ्यावी?

ही तक्रार बहुतेक वेळा एकाच ठिकाणी उद्भवते. हायवेवर शेकडो मैल ट्रेलर सुतासारखा सरळ मागे येतो, पेट्रोल पंपावरही अडचण होत नाही. मग संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर आपल्या जागेत ट्रेलर रिव्हर्स घालायची वेळ येते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं जातं आणि ट्रेलरच्या पुढच्या बाजूचा एक कोपरा पिकअपच्या केबिनला मागून लागतो. कधी ओरखड्यावर निभावतं, कधी छताची कड दबते, कधी मागची काच फुटून मागच्या सीटवर चुरा पडतो. आणि त्या सीटवर बहुधा मुलं बसलेली असतात. म्हणून या विषयावर सविस्तर लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

काच बदलली जाते, कोणीतरी सुचवलेली दुसरी हिच, म्हणजे ट्रक आणि ट्रेलर जोडणारी यंत्रणा, घेतली जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच कोपरा तिथेच येऊन लागतो. कारण हिच बदलण्याआधी जे एक माप घ्यायला हवं होतं, ते घेतलेलंच नसतं. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या आणि मुलाबाळांना घेऊन नॅशनल पार्क फिरण्यासाठी फिफ्थ व्हील घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी कुटुंबांनी तरी ते माप घेऊनच पैसे मोजावेत.

फिफ्थ व्हील म्हणजे काय हे ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तो राहायची सोय असलेला ट्रेलरच असतो, फक्त जोडणी वेगळी. साधा ट्रेलर पिकअपच्या मागच्या बंपरखाली बॉलला जोडतात. फिफ्थ व्हील ट्रेलरचा पुढचा भाग मात्र पिकअपच्या बेडवर, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यावर येतो. त्याच्या खाली दोन इंच जाडीची किंगपिन असते आणि ती बेडमध्ये बसवलेल्या हिचच्या जबड्यात अडकते. न्हावाशेवा बंदरातून बाहेर पडणारे कंटेनरचे ट्रेलर पाहिले असतील तर हीच जोडणी तुम्ही पाहिलेली आहे. फरक इतकाच की ते ओढणाऱ्या ट्रकला मागे उघडी चासी असते. केबिन आणि किंगपिन यांच्यात किती अंतर ठेवायचं हे तिथे कारखान्यातच नीट ठरलेलं असतं. पिकअपमध्ये ते अंतर बेडच्या लांबीवर अवलंबून असतं, आणि खरी गोम तिथेच आहे.

बेड नेमका कुठून कापलेला असतो

लाँग-बेड म्हणजे साधारण आठ फूट. शॉर्ट-बेड हा शब्द मात्र सैलपणे वापरला जातो. कोणी साडेसहा फुटी बेडला शॉर्ट म्हणतं, कोणी साडेपाच फुटी बेडला. या दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, ते पुढे येईलच.

फोर्ड सुपर ड्युटीच्या चार दारी केबिनचं उदाहरण घेऊ. आठ फुटी बेडची आतली लांबी ९८.१ इंच आणि पावणेसात फुटी बेडची ८१.९ इंच, म्हणजे फरक सुमारे १६ इंच. आता व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर पाहा. लांब बेडवाल्या ट्रकचा १७६ इंच, आखूड बेडवाल्याचा सुमारे १६० इंच. इथेही फरक १६ इंचच. एफ-१५० मध्येही हेच दिसतं. साडेसहा फुटी बेडला १५७ इंचांचा व्हीलबेस, साडेपाच फुटीला १४५.

याचा अर्थ असा की बेड आखूड करताना मागच्या अ‍ॅक्सलच्या मागचा भाग कापलेला नाही. जे काही कमी झालं ते सगळं अ‍ॅक्सलच्या पुढे, म्हणजे अ‍ॅक्सल आणि केबिन यांच्यामध्ये. आणि ट्रेलरचा कोपरा वळताना नेमकी हीच जागा मागतो. ढोबळ आकडे असे धरा: अ‍ॅक्सलच्या मध्यापासून केबिनच्या मागच्या भिंतीपर्यंत लाँग-बेडमध्ये ५६ इंचांच्या आसपास, साडेसहा-पावणेसात फुटी बेडमध्ये ४० च्या आसपास, आणि साडेपाच फुटीमध्ये जेमतेम २८. ट्रकच्या मॉडेलप्रमाणे हे दोन-तीन इंचांनी बदलतं, म्हणून आपल्या ट्रकवर टेप लावून खात्री करा. या अंतराला मी पुढे ‘केबिन-अंतर’ म्हणेन.

मग हिचच मागे, टेलगेटकडे बसवली तर? हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो आणि तो तिथेच सोडून द्यायला हवा. किंगपिनचं वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर किंवा एखाद-दोन इंच पुढे पडलं पाहिजे. ते अ‍ॅक्सलच्या मागे गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड जाते. ताशी ६० मैलांवर बाजूचा वारा आला तर हलकं स्टिअरिंग जिवावर बेतू शकतं. मागे सरकणाऱ्या हिच असतात, पण त्या मागे सरकवायच्या ते फक्त माणसाच्या चालीच्या वेगात, वळण घेईपर्यंत.

९० अंशांचा हिशेब का फसतो

विक्रेते सहसा एक सोपा नियम सांगतात: ट्रेलरच्या रुंदीचे निम्मे इंच आणि वर चार इंच एवढं केबिन-अंतर हवं. ट्रेलर ९६ इंच रुंद असेल तर ४८ अधिक ४, म्हणजे ५२. नियम वाईट नाही, पण तो ट्रक आणि ट्रेलर काटकोनात उभे आहेत असं धरून केलेला आहे. त्या स्थितीत ट्रेलरची बाजू केबिनला समांतर असते आणि किंगपिनपासून ती ४८ इंचांवर असते, हे खरं. पण कोपरा सर्वांत पुढे येतो तो त्याआधीच.

ट्रेलरचं नाक किंगपिनच्या पुढे थोडं आलेलं असतं. ते १२ इंच पुढे आहे आणि कोपरा चौकोनी आहे असं धरू. आता किंगपिन ते कोपरा हे अंतर शाळेत शिकलेल्या पायथागोरसने काढा. १२ चा वर्ग १४४, ४८ चा वर्ग २,३०४, बेरीज २,४४८, वर्गमूळ ४९.५ इंच. वळताना जेव्हा हा कोपरा थेट केबिनकडे रोखलेला असतो, तेव्हा ट्रक-ट्रेलरमधला कोन सुमारे ७६ अंश असतो आणि कोपरा ४९.५ इंच पुढे पोहोचलेला असतो. ९० अंशांवर तो परत ४८ वर येतो. म्हणून ट्रक काटकोनात उभा करून ‘बघा, लागत नाही’ असं कोणी दाखवलं तर ते पाहणं अपुरं आहे.

आता ४० इंच केबिन-अंतर असलेल्या ट्रकला हा ट्रेलर जोडला तर कोपरा साधारण ४० अंशांच्या कोनातच केबिनला टेकतो. रस्त्यावर पुढे जाताना घेतलेल्या नेहमीच्या वळणात एवढा कोन क्वचित होतो. रिव्हर्स घेताना मात्र ४० अंश कधी ओलांडले ते कळतही नाही. हायवेवर कधी न दिसणारी अडचण कॅम्पग्राउंडवरच का येते, त्याचं उत्तर हे आहे.

ट्रेलर १०२ इंच रुंद असेल, आणि आजकालचे मोठे फिफ्थ व्हील बरेचसे तितके असतात, तर तोच हिशेब ५२.४ इंचांवर जातो. सहा इंच रुंदी वाढली तरी एका बाजूला तीनच इंच वाढतात असं वाटून लोक दुर्लक्ष करतात. पण शॉर्ट-बेडमध्ये सगळा खेळच तीन इंचांचा आहे.

घ्यायचं ते एकच माप

डीलरकडे जाताना टेप, खडू आणि ओळंबा बरोबर न्या. ओळंबा नसेल तर दोरीला नट बांधलं तरी चालेल.

ट्रेलर सपाट जमिनीवर, समतल उभा असू द्या. किंगपिनच्या मध्यापासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करा. मग ट्रेलरच्या नाकाच्या कडेने, जिथे मधला भाग संपून कोपरा वळतो तिथपासून बाजूच्या भिंतीपर्यंत, पाच-सहा ठिकाणी ओळंबा सोडून खुणा करा. किंगपिनच्या खुणेपासून या प्रत्येक खुणेचं अंतर मोजा. त्यातलं सर्वांत मोठं अंतर म्हणजे नाकाची त्रिज्या. कोपरा चौकोनी असो, गोल असो की आत कापलेला असो, हे माप सगळ्यांना लागू पडतं आणि गणित करायची गरज राहत नाही.

इथे एक काळजी घ्या. खुणा केबिनच्या उंचीवरच्या भागाच्या घ्या, म्हणजे मागच्या काचेच्या तळापासून छताच्या थोड्या वरपर्यंतच्या. काही ट्रेलरचं नाक खाली निमुळतं आणि वर फुगलेलं असतं. खालचं माप घेतलं तर आकडा छान येतो आणि छताची कड मात्र दबते.

केबिन-अंतर मोजतानाही केबिनच्या मागे बाहेर आलेली प्रत्येक गोष्ट धरा: छताच्या कडेचा तिसरा ब्रेक लाइट, सरकत्या काचेची चौकट, आणि बेडच्या कडांच्या वर येणारी टूलबॉक्स असेल तर तिची कड. जागा मोजायची ती तिथपर्यंत.

दोन्ही आकडे हातात आले की नाकाच्या त्रिज्येपेक्षा केबिन-अंतर किमान चार इंच जास्त हवं. चारच का? ट्रकची मागची चाकं गटारीच्या खोलगट भागात गेली आणि ट्रेलर अजून सपाट जमिनीवर असला की केबिनचं छत ट्रेलरकडे झुकतं. हिचच्या पातळीपासून छत ३० इंच वर आहे असं धरलं तर नुसत्या ५ अंशांच्या फरकाने अडीच इंचांहून थोडं जास्त अंतर खाल्लं जातं. त्यात जबड्यातली थोडी ढिलाई आणि ट्रेलरचं हेलकावणं धरा. चार इंच ही चैन नाही.

आता हिच

*स्थिर हिच.* वरच्या हिशेबात तुमचं अंतर पुरत असेल तर साधी, न सरकणारी हिचच घ्या. तिच्यात हलणारे भाग कमी, वजन कमी, आवाज कमी. साडेसहा फुटी बेड आणि कोपरे खोल कापलेल्या नाकाचा ट्रेलर ही जोडी असेल तर हे जमू शकतं. अनेक उत्पादक पुढे काढलेली लांब पिनबॉक्स (ट्रेलरच्या नाकाखालचा, किंगपिन धरणारा भाग) देतात, त्यामुळे किंगपिन नाकाच्या जवळ किंवा पुढे येते. पण जाहिरातीत ‘शॉर्ट-बेड रेडी’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. तो शब्द कोणत्या ट्रकच्या कोणत्या बेडला लागू आहे हे त्यात लिहिलेलं नसतं. खडूच्या खुणा सगळं सांगतात.

*हाताने सरकवायची स्लायडर.* ही सर्रास विकली जाते आणि तक्रारीही हिच्याबद्दल येतात. रचना चांगली आहे. हायवेवर हिच अ‍ॅक्सलच्या वर कुलूपबंद असते, आणि अवघड वळणाआधी ती १० ते १२ इंच मागे सरकवून परत कुलूप लावायचं. ४० इंचांचे ५२ होतात. ९६ इंच रुंदीच्या आपल्या उदाहरणातल्या ट्रेलरला ४९.५ लागतात, म्हणजे अडीच इंच उरतात. चार हवे होते. १०२ इंच रुंद ट्रेलरला ५२.४ लागतात, म्हणजे पूर्ण मागे सरकवूनही कोपरा लागणार. स्लायडर घेतली तरी कोपरा का लागतो, असं विचारणाऱ्या बहुतेकांचं उत्तर या वजाबाकीत असतं.

दुसरी अडचण माणसाची आहे. सरकवण्यासाठी ट्रक आणि ट्रेलर सरळ रेषेत थांबवायचे, ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावायचे, हिचचा दांडा ओढायचा, मग गाडीत बसून कंट्रोलरने ट्रेलरचे ब्रेक धरायचे आणि ट्रक अगदी सावकाश पुढे घ्यायचा. कुलूप बसल्याचा आवाज येईपर्यंत. जागेवर लागल्यावर, किंवा तिथून निघताना, हेच उलट करायचं. पावसात, अंधारात, मागे चार गाड्या खोळंबलेल्या असताना हे सगळं टाळून ‘होईल एवढ्यात’ म्हणण्याचा मोह होतो. ट्रेलर नेहमी स्वतःच्या मोकळ्या जागेत लावणाऱ्यासाठी आणि वर्षातून थोड्याच वेळा बाहेर काढणाऱ्यासाठी ही हिच ठीक आहे. दर दोन दिवसांनी नव्या कॅम्पग्राउंडवर जाणाऱ्या कुटुंबाला मी ती सुचवणार नाही.

*आपोआप सरकणारी स्लायडर.* पुलराइटची सुपरग्लाइड आणि डेमकोची ऑटोस्लाइड ही यातली माहितीची नावं. यात ट्रेलरच्या पिनबॉक्सला एक पट्टी बसवतात. तिच्यामुळे हिचचा माथा ट्रेलरबरोबर फिरतो आणि त्या फिरण्यातूनच हिच मागे ढकलली जाते. कोन जितका जास्त तितकी ती मागे, आणि सरळ झालात की परत अ‍ॅक्सलवर. उतरायचं नाही, आठवण ठेवायची नाही. साडेसहा ते पावणेसात फुटी बेड आणि ९६ ते १०२ इंच रुंदीचा ट्रेलर असेल तर माझी पहिली पसंती हीच राहील. मात्र मागे सरकण्याची कमाल मर्यादा मॉडेलप्रमाणे वेगळी असते. ती केबिन-अंतरात मिळवून चार इंचांची कसोटी इथेही लावाच.

तिचे तोटेही सांगायला हवेत. ती महाग आहे आणि वजनाने बरीच जड आहे. पिनबॉक्सला लावलेल्या पट्टीमुळे तोच ट्रेलर दुसऱ्याच्या साध्या हिचला लगेच जोडता येईलच असं नाही. वाटेत ट्रक बंद पडला आणि ट्रेलर दुसऱ्या ट्रकने ओढून न्यायचा झाला तर अडाल. पट्टी काढायची हत्यारं ट्रेलरमध्येच ठेवा.

*फिरणारी पिनबॉक्स.* रीसची साइडवाइंडर हे याचं परिचित उदाहरण. यात हिच साधीच राहते आणि बदलते ती ट्रेलरची पिनबॉक्स. किंगपिनला पाचर बसवून तिचं हिचमधलं फिरणं बंद करतात, आणि वळण्याचा बिंदू २२ इंच मागे, ट्रेलरच्या नाकाखाली जातो. वजन मात्र किंगपिनवरच, म्हणजे अ‍ॅक्सलवरच राहतं. ४० चे ६२ होतात असं ऐकून लोक निश्चिंत होतात, पण वळण्याचा बिंदू मागे गेला तसं त्याच्या पुढे आलेलं नाकही लांबलं. आपल्या उदाहरणात १२ चे ३४ इंच झाले आणि त्रिज्या ४९.५ वरून ५८.८ झाली. उरले सव्वातीन इंच. अडीचपेक्षा बरे, पण २२ इंचांच्या बातमीतून जे वाटलं होतं तितके नाहीत. गोल किंवा कापलेल्या नाकाला ही चांगली जमते, चौकोनी नाकाला काठावर.

हिची एक खास समस्या आहे. पाचर त्या-त्या हिचसाठी वेगळी असते. चुकीची बसवली किंवा झिजली तर किंगपिनही थोडी फिरते आणि वरची पिनबॉक्सही. मग वळणारे सांधे दोन होतात आणि रिव्हर्समध्ये ट्रेलर ऐकेनासा होतो. ट्रेलर मागे घेताना उगाच एका बाजूला जातोय असं वाटलं तर आधी पाचर तपासा.

*बॉलवर बसणारी हलकी हिच.* अँडरसनची अल्टिमेट अ‍ॅल्युमिनियमची असून चाळीस पौंडांच्या आसपास भरते. एकटा माणूस ती उचलून बाजूला ठेवू शकतो. ट्रकचा पेलोड, म्हणजे माणसं आणि सामान मिळून तो पेलू शकतो ते वजन, तुटपुंजा असेल तिथे हा मोठा फायदा आहे. कोपऱ्याच्या दृष्टीने मात्र तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा धरू नका. बॉल थोडे इंच मागे घेता येतो, पण मग तो हायवेवरही तिथेच राहतो.

किंगपिनला लांब गूझनेक अ‍ॅडॉप्टर लावून बॉलवर ट्रेलर ओढणं हा वेगळा प्रकार आहे. लांब अ‍ॅडॉप्टरमुळे ट्रेलरच्या चासीच्या पुढच्या भागावर मोठी पिळ बसते, आणि काही चासी उत्पादक अशा अ‍ॅडॉप्टरमुळे हमी रद्द करतात. ट्रेलरच्या उत्पादकाची लेखी परवानगी असेल तरच त्या वाटेला जा.

साडेपाच फुटी बेड

याबद्दल मी स्पष्ट लिहितो, कारण विक्रेता लिहिणार नाही. २८ इंच केबिन-अंतर, त्यात स्लायडरचे १२ मिळवले तर ४०. फिरणाऱ्या पिनबॉक्सचे २२ मिळवले तर ५०, आणि त्या रचनेत चौकोनी नाकाला ५८.८ लागतात. म्हणजे निमुळत्या नाकाचा, छोटा, हलका ट्रेलर सोडला तर हिशेब बसतच नाही. शिवाय साडेपाच फुटी बेड बहुधा हाफ-टन, म्हणजे एफ-१५० सारख्या हलक्या वर्गातल्या ट्रकला असतो, आणि तिथे वजनही आडवं येतं.

फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनापैकी साधारण १५ ते २५ टक्के वजन किंगपिनवर पडतं. हिशेबाला २० टक्के धरा. ट्रेलरचं कमाल वजन १०,००० पौंड असेल तर ट्रकच्या बेडवर २,००० पौंड आले. सरकणारी हिच २०० पौंडांच्या वर भरते. आई-बाबा, दोन मुलं आणि बरोबरचं सामान मिळून ८०० धरा. बेरीज ३,००० पौंड. आता ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचं लेबल वाचा. त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्याच ट्रकसाठी छापलेलं असतं. हाफ-टन ट्रकवर हा आकडा बहुधा १,४०० ते २,००० पौंडांच्या दरम्यान असतो. जाहिरातीतला टोइंगचा मोठा आकडा इथे कामाचा नाही, दारावरचं लेबलच खरं.

त्याच्या वरच्या वर्गातले, पाऊण टनी ट्रकवालेही इथे फसतात. डिझेल इंजिन ताकदवान, पण जड. ट्रकच्या एकूण वजनाची मर्यादा तीच राहिली तर इंजिनाचं जास्तीचं वजन पेलोडमधून वजा होतं. एकाच मॉडेलच्या पेट्रोल ट्रकचा पेलोड डिझेलपेक्षा जास्त निघालेला पाहून लोक चकित होतात.

तेव्हा साडेपाच फुटी हाफ-टन ट्रक आधीच घेतलेला असेल तर माझा सल्ला असा: फिफ्थ व्हीलचा नाद सोडा आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिचवर (ट्रेलरचा भार ट्रकच्या पुढच्या अ‍ॅक्सलवरही वाटणाऱ्या हिचवर) ओढायचा साधा ट्रॅव्हल ट्रेलर घ्या. त्यात केबिनला कोपरा लागण्याचा प्रश्नच येत नाही आणि ट्रकवर येणारा भारही कमी असतो.

बसवताना

आजच्या पाऊण टनी आणि एक टनी ट्रकमध्ये कारखान्यातूनच बेडमध्ये हिचसाठी खाचा देण्याची सोय निवडता येते. ट्रक नवीन घेत असाल तर ती नक्की घ्या. नंतर बेडमध्ये रेल बसवण्यापेक्षा ती सोपी पडते, आणि हिच काढली की बेड मोकळा होतो. रेल बसवायच्याच असतील तर भार ट्रकच्या फ्रेमवर गेला पाहिजे. बेडचा पत्रा मध्ये फक्त दाबला जातो, त्याने भार घ्यायचा नाही. पत्र्याच्या नागमोडी खोबणींत स्पेसर घातले नाहीत तर बोल्ट कसताना पत्रा चेपतो, आणि काही महिन्यांनी बोल्ट ढिले होतात. एफ-१५० चा बेड २०१५ पासून अ‍ॅल्युमिनियमचा आहे, तिथे हे जास्तच जपा.

बेडच्या कडा आणि ट्रेलरचा तळ यांच्यात पाच-सहा इंच मोकळे राहिले पाहिजेत. नव्या ट्रकच्या कडा इतक्या उंच झाल्यात की ते साधण्यासाठी लोक हिच वर घेतात, ट्रेलरचं नाक वर जातं आणि त्याच्या मागच्या अ‍ॅक्सलवर जास्त भार येतो. ट्रेलर शक्यतो समतल ठेवून या दोन्हींचा मेळ घालावा लागतो. मागे सरकणाऱ्या हिचमध्ये हे अंतर हिच पूर्ण मागे असतानाही तपासा.

स्लायडरचा दांडा अडकला तर

दांडा जोर लावून ओढू नका आणि हातोडीही मारू नका. कुलपाच्या खिळांवर ट्रेलरचा ताण आलेला असतो, म्हणून ते सुटत नाहीत. ट्रक-ट्रेलर सरळ रेषेत आहेत ना ते बघा. तिरके असतील तर एका बाजूचा खीळ नेहमी दाबलेला राहतो. ट्रेलरच्या चाकांचे ठोकळे तपासा, ट्रक इंच-दोन इंच पुढे-मागे करा आणि मग ओढा. तरीही सुटला नाही तर रेलवर जमलेली वाळू आणि गंज हे कारण असू शकतं. तारेच्या ब्रशने साफ करून ग्रीस लावा. परत कुलूप लावताना दोन्ही बाजूंचे खीळ बसलेत हे डोळ्यांनी बघा. एकच बसलेला असताना आवाज मात्र बरोबर येतो.

वर बसलेली किंगपिन

कोपऱ्याच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध नाही, पण उंची बदललेल्या हिचमध्ये हे वारंवार होतं. ट्रेलर गरजेपेक्षा उंच ठेवून ट्रक मागे घेतला की किंगपिन जबड्यात न शिरता वर टेकते. कुलूप लागल्यासारखं दिसतं, आणि पहिल्या उतारावर ट्रेलर सुटून बेडच्या कडांवर आदळतो. ट्रेलरची तळपट्टी हिचच्या पट्टीपेक्षा अर्धा ते एक इंच खाली असू द्या, म्हणजे ट्रक मागे येताना हिच ट्रेलरला किंचित उचलेल. टॉर्च लावून दोन्ही पट्ट्यांमध्ये फट नाही याची खात्री करा. मग ट्रेलरचे पाय जमिनीला नुकते टेकलेले असताना ट्रेलरचे ब्रेक धरून ट्रक हळूच पुढे ओढून बघा. सुटायचाच असेल तर तो तिथे, पायांवर सुटेल. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) हिचला अडकवू नका, ट्रकच्या पक्क्या भागाला अडकवा. हिचच निसटली तर हिचला अडकवलेली तार काही करणार नाही.

पहिली चाचणी

सगळं बसल्यावर रविवारी सकाळी एखादं रिकामं, सपाट पार्किंग गाठा. एका माणसाला ट्रकच्या बाजूला, कोपरा आणि केबिन दोन्ही दिसतील अशा ठिकाणी, पण ट्रेलरच्या वाटेपासून दूर उभं करा. ‘थांब’ची खूण आधी ठरवून घ्या. आरडाओरडा करून भागत नाही, डिझेलच्या आवाजात ऐकू येत नाही. स्टिअरिंग अर्धं वळवून सावकाश मागे या, थांबा, उतरून अंतर मोजा. मग थोडं अजून. डाव्या बाजूचं झालं की उजव्या बाजूचं करा, कारण हिच बेडच्या मध्यापासून पाव-अर्धा इंच सरकून बसलेली असू शकते.

जिथे चार इंच उरतात तिथे थांबा आणि आरशात ट्रेलरची कोणती खिडकी किंवा कोणता पट्टा दिसतोय ते बघून ठेवा. त्या जागी ट्रेलरवर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावा. तो आरशाच्या कडेला दिसू लागला की पुढे वळवायचं नाही, ट्रक सरळ पुढे काढून परत प्रयत्न करायचा. दोघं आळीपाळीने गाडी चालवत असाल तर दुसऱ्याच्या सीटच्या आणि आरशाच्या जागेप्रमाणे त्याची वेगळी खूण लावा, दुसऱ्या रंगाची.